मोठं दाखवणारा आरसा घेताना : ग्राहकांसाठी माहिती

दाढी, मेकअप किंवा नथ घालण्यासाठी आपण नेता तो आरसा अंतर्गोल, म्हणजे मधे खोलगट असतो. कोल्हापूरच्या गुजरीतले सराफ काउंटरवर ठेवायला आमच्याकडून नेतात तोही हाच. "लांबून चेहरा उलटा दिसतो, बदलून द्या," असं म्हणत काही ग्राहक परत येतात. आरशात दोष नसतो. तो कुठून पाहायचा, एवढंच सांगायचं राहून गेलेलं असतं.

प्रत्येक खोलगट आरशाचं एक नाभीय अंतर असतं, म्हणजे लांबून आलेला प्रकाश आरशासमोर जिथे एका बिंदूत गोळा होतो, तिथपर्यंतचं अंतर. समजा ते ६० सें.मी. आहे. चेहरा ३० सें.मी.वर असेल तर प्रतिमा दुप्पट, ४० वर तिप्पट आणि ५० वर सहापट. साठच्या आसपास सगळं विस्कटतं. त्यापुढे १२० सें.मी.पर्यंत नुसतं धूसर दिसतं, आणि आणखी मागे गेलात की चेहरा स्पष्ट, पण उलटा आणि लहान. म्हणून खोक्यावरच्या 'तिप्पट', 'पाचपट' या आकड्यावर जाऊ नका. तो आकडा एका ठराविक अंतरापुरताच खरा असतो. आम्हाला नाभीय अंतर विचारा.

चाळिशीचा चष्मा असलेल्यांना हा आरसा खास उपयोगी. साध्या आरशात ३० सें.मी.वरून पाहिलं तर प्रतिमा डोळ्यांपासून ६० सें.मी.वर असते, वर सांगितलेल्या ६० सें.मी. नाभीय अंतराच्या आरशात ती ९० सें.मी.वर जाते. त्यामुळे चष्मा काढूनही नथीची तार नीट दिसते. आमच्या मते हाच याचा मोठा फायदा, आकार नंतर.

नाभीय अंतर घरीही मोजता येतं. खिडकीतून दिसणाऱ्या लांबच्या झाडाकडे आरसा धरा, पुढे पांढरा कागद मागेपुढे करा. झाडाचं उलटं चित्र जिथे रेखीव उमटेल, तिथून आरशापर्यंत टेप लावा. सूर्याकडे मात्र आरसा कधीच धरू नका. ऊन थेट पडेल अशा जागी तो उघडा ठेवू नका; एका बिंदूत गोळा झालेल्या उन्हाने पडदा पेटू शकतो.

शिवाजी पेठेतल्या बोळांच्या वळणावर लावायला नेतात तो बहिर्गोल, फुगीर आरसा. तो कायम सुलटं आणि लहान दाखवतो, म्हणून रस्ता जास्त मावतो. ५० सें.मी. नाभीय अंतराच्या आरशापासून ५ मीटरवर असलेल्या गाडीची प्रतिमा अकरापट लहान असते. गाडी लांब आहे असं वाटतं, तेव्हा जपून वळा.

दुकानात येण्याआधी आरसा लावायची जागा ते चेहरा हे अंतर मोजून आणा. त्यावरून योग्य आरसा काढून देऊ.