बिअरची चव घडवणारे पाणी

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदाराला पाण्याच्या सामूचे (पीएचचे, म्हणजे आम्ल-अल्कपणाच्या मापाचे) महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. जीएची (जिबरेलिक आम्ल या वाढ-संजीवकाची) फवारणी करायची तर आधी बोअरच्या पाण्याचा सामू पाहायचा, तो आठाच्या आसपास निघाला तर सायट्रिक किंवा फॉस्फरिक आम्ल घालून साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान आणायचा आणि मगच टाकीत औषध मिसळायचे, ही इथली नेहमीची रीत आहे. पाण्याचा सामू चढा ठेवणारा घटक असतो बायकार्बोनेट. जगातल्या नामांकित बिअर नेमक्या त्या त्या गावातच का नावारूपाला आल्या, या प्रश्नाचे उत्तरही बऱ्याच अंशी याच बायकार्बोनेटापाशी येऊन थांबते.

वाइनला हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण तिच्यातले पाणी वेलीनेच जमिनीतून ओढून मण्यात साठवलेले असते आणि साखरही तयार असते. बिअरचे तसे नाही. तिच्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी बाहेरून येते आणि तिचे धान्य, म्हणजे बार्ली, साखर नव्हे तर स्टार्च घेऊन येते, जो साखरेचे मद्य करणाऱ्या यीस्टला पचत नाही. म्हणून बार्ली भिजवून तिला मोड आणतात आणि वाळवतात, हेच माल्ट. मोड येताना दाण्यात स्टार्च तोडणारी विकरे (एन्झाइम) तयार होतात. पेठ-सुरगाण्याकडची नागली मोड आणून, वाळवून दळली की पिठाला जी किंचित गोडी येते, ती याच विकरांमुळे. भरडलेले माल्ट साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले की स्टार्चची साखर होते, मात्र त्यासाठी मिश्रणाचा सामू ५.२ ते ५.६ च्या दरम्यान हवा. पाण्यातले कॅल्शियम माल्टमधल्या फॉस्फेटशी संयोग पावून सामू खाली आणते, तर बायकार्बोनेट तो वर ओढते. सामू चढाच राहिला तर विकरांचे काम मंदावते, शिवाय बार्लीच्या टरफलांतले टॅनिन उतरून बिअर तुरट होते.

आता डब्लिनकडे पाहू. तिथल्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर. फिक्या माल्टची बिअर अशा पाण्यात बिघडणारच. पण काळेभोर होईपर्यंत भाजलेले धान्य आम्लधर्मी असते आणि ते घातले की सामू आपोआप योग्य पातळीवर येतो. १७५९ मध्ये आर्थर गिनेस यांनी डब्लिनमध्ये कारखाना सुरू केला आणि पुढे त्या शहराची ओळख ठरली ती काळी स्टाउट. म्युनिकची तपकिरी डुंकेल हेही अशाच पाण्याचे अपत्य आहे. त्या काळच्या कारागिरांना हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या चव पाहून त्यांनी आपल्या पाण्याला मानवणारे धान्य शोधून काढले, आणि मला यातच त्यांची खरी बुद्धिमत्ता दिसते.

इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंटची गोष्ट वेगळी. तिथल्या विहिरींचे पाणीही जडच, पण ते जिप्सममुळे, म्हणजे कॅल्शियम सल्फेटामुळे. कॅल्शियमने सामू खाली राहतो आणि सल्फेटाने हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या वेलीच्या फुलांचा, कडूपणा स्वच्छ, कोरडा, जिभेवर न रेंगाळणारा लागतो. फिक्या, कडक हॉप्सच्या एलसाठी (उबदार तापमानात आंबवलेल्या बिअरसाठी) याहून चांगले पाणी नाही. १८२० च्या दशकात बर्टनचे कारखानदार अशी एल हिंदुस्थानात पाठवू लागले. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या त्या लांबच्या प्रवासात हॉप्समधली कडू आम्ले बिअर आंबवणाऱ्या अनेक जिवाणूंना रोखून धरत. 'इंडिया पेल एल' कोणा एकाने खास हिंदुस्थानसाठी शोधून काढली, ही लोकप्रिय कथा मात्र मला पटत नाही, कारण भरपूर हॉप्स घालून दीर्घकाळ मुरवलेली फिकी बिअर इंग्लंडात त्याआधीही होत होती.

बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) पिल्सेनचे पाणी या सर्वांच्या उलट, जवळजवळ क्षारविरहित आहे. १८४२ मध्ये बव्हेरियाहून आलेल्या योझेफ ग्रोल यांनी तिथे फिके माल्ट, स्थानिक साझ हॉप्स आणि थंडीत काम करणारे लागर यीस्ट वापरून सोनेरी लागर बिअर केली. आज जगभर सर्वाधिक खपणारी बिअर तिच्याच वंशातली आहे. हे लागर यीस्ट संकरित आहे. त्याचा एक पूर्वज एलचे नेहमीचे यीस्ट आणि दुसरा थंडी सोसणारा रानटी यीस्ट, जो २०११ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या जंगलात सापडल्याचे जाहीर झाले. तेव्हा चवीचे सगळेच श्रेय पाण्याला देता येत नाही. बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरला येणारा केळ्याचा आणि लवंगेचा वास तर निव्वळ यीस्टची निर्मिती आहे.

या साऱ्या अनुभवाला मोजमाप मिळाले ते कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. १८८३ मध्ये एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी तिथे एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले आणि ते इतर कारखान्यांनाही मोकळेपणाने देण्यात आले. त्याच प्रयोगशाळेत विकरांचा अभ्यास करताना सोरेन सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये सामूची मोजपट्टी मांडली. आपला बागायतदार फवारणीच्या टाकीत जो आकडा तपासतो, तो बिअरच्या कारखान्याने चालवलेल्या प्रयोगशाळेतून आलेला आहे, ही गोष्ट नाशिकमध्ये अधिक लोकांना ठाऊक असायला हवी.

नाशिकचे पाणीही एकच एक नाही. गंगापूर धरणात त्र्यंबकच्या डोंगरांवरचे पावसाचे पाणी येते आणि त्यात क्षार तुलनेने कमी असतात. बोअरचे पाणी मात्र काळ्या पाषाणातून झिरपताना कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट घेऊन येते. प्रक्रिया न करता वापरायचे झाले तर माझ्या मते धरणाचे पाणी फिक्या लागरला आणि बोअरचे पाणी स्टाउटला मानवेल. आज बहुतेक ठिकाणी आरओने पाणी कोरे करून हवे ते क्षार मोजून घालतात. जुना उपाय पाणी उकळण्याचा होता: बोअरचे पाणी उकळल्यावर पातेल्याच्या तळाशी जो पांढरा खरखरीत थर बसतो, तो बायकार्बोनेटापासून झालेला कॅल्शियम कार्बोनेट. तो खाली बसल्यावर वरचे पाणी मृदू होते, पण त्यातले कॅल्शियमही घटते आणि ते भरून काढावे लागते. ते जिप्समने भरले तर हॉप्सचा कडूपणा धारदार होतो, कॅल्शियम क्लोराइडने भरले तर माल्टची गोडी अधिक भरीव लागते.