शुल्झ, शोल्झ, शुल्टे: जर्मन गावप्रमुखाच्या हुद्द्याची कुळकथा

जर्मनीतल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने चॅन्सेलरपदासाठी २०१७ मध्ये मार्टिन शुल्झ यांना उभे केले आणि २०२१ मध्ये ओलाफ शोल्झ यांना. शुल्झ हरले, शोल्झ चॅन्सेलर झाले. आडनावे वेगळी दिसली तरी दोन्ही एकाच जुन्या हुद्द्याची, 'शुल्टहाइस'ची, झिजलेली रूपे आहेत. आपल्याकडे पाटील, देशमुख, कुलकर्णी ही आधी कामे होती, आडनावे नंतर झाली; तसाच हा प्रकार.

'शुल्ड' म्हणजे देणे आणि 'हाइसेन' म्हणजे फर्मावणे. लोकांना देणे चुकते करायला लावणारा तो शुल्टहाइस. इटलीत राज्य करणाऱ्या लाँगोबार्डांच्या रोथारी राजाने ६४३ साली कायदा लिहवून घेतला, त्यात हा अधिकारी भेटतो. धन्याच्या वतीने वसुली करायची आणि किरकोळ खटले निकालात काढायचे, हे त्याचे काम.

त्याची खरी चलती झाली ती बाराव्या-तेराव्या शतकात, एल्ब नदीच्या पूर्वेला नवी गावे वसू लागली तेव्हा. शेतकरी आणून गाव उभे करणाऱ्या माणसाला जमीनदार मोबदल्यात सारामाफ जमीन देई, दंडाच्या रकमेत वाटा देई आणि गावचे शुल्झेपण, म्हणजे शुल्टहाइसचा हुद्दा, वंशपरंपरेने देई. वतनच म्हणा ना! गावाला निरोप द्यायचा तर शुल्झे एका काठीला तो अडकवून शेजारच्या घरी धाडी. शेजाऱ्याने ती पुढच्या घरी पोचवायची, अशी काठी गावभर फिरे.

गावोगाव एक शुल्झे म्हटल्यावर आडनावाचे पीक उदंड येणारच. पूर्वेकडच्या सायलेशिया प्रांतात त्याचे शोल्झ झाले. पश्चिमेकडच्या वेस्टफालियात अर्थही पालटला: तिथला शुल्टे म्हणजे जमीनदाराच्या मुख्य वाडीचा कारभारी. शहरात हुद्द्याला वजन होते. जर्मन महाकवी गटेचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, योहान वोल्फगांग टेक्स्टोर १७४७ पासून फ्रँकफर्टचे शुल्टहाइस होते. लॅटिन नावांची हौस होती त्या काळात काही घराण्यांनी हेच आडनाव 'प्रेटोरियस' करून घेतले. संगीतकार मिखाएल प्रेटोरियस त्यांपैकीच.

प्रशिया या जर्मन राज्याच्या १८४८ च्या राष्ट्रीय सभेत इतके शुल्झे जमले, की हेर्मान शुल्झे यांना आपल्या डेलिच गावाचे नाव जोडावे लागले. सहकारी पतसंस्थांचे प्रवर्तक शुल्झे-डेलिच ते हेच. भारतात १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तेव्हा नागरी पतसंस्थांसाठी त्यांचा नमुना समोर होता. म्हणजे आपल्या अर्बन बँकांच्या वंशावळीतही एक शुल्झे आहे.

प्रशियाने १८७२ साली वंशपरंपरागत शुल्झेपण मोडीत काढले. दक्षिण जर्मनीतल्या व्ह्युर्टेमबेर्गमध्ये हुद्दा १९३० पर्यंत टिकला. पोलंडने तो उचलून 'सोल्तिस' केला आणि तिथे गावचा प्रमुख आजही सोल्तिसच असतो, आता निवडून आलेला. स्वित्झर्लंडच्या लुसर्न प्रांतात तर सरकारच्या प्रमुखाचे अधिकृत पदनाम अगदी अलीकडेपर्यंत शुल्टहाइस होते, आणि त्याची मुदत एकच वर्षाची.