दुर्मीळ घरगुती प्रोजेक्टर : विकत घेण्यापूर्वी आणि दुरुस्तीला देण्यापूर्वी

फोंड्यातील आमच्या कार्यशाळेत घरगुती सिनेमा प्रोजेक्टर साधारणपणे दोन वाटांनी येतात. काही प्रोजेक्टर आफ्रिकेत, आखातात किंवा बोटीवर नोकरी केलेल्या वडीलधाऱ्यांनी गोव्यात आणलेले आणि पुढे माळ्यावर पडून राहिलेले असतात, तर काही छंद म्हणून एखाद्या संग्राहकाने नुकतेच विकत घेतलेले असतात. या दुसऱ्या प्रकारच्या ग्राहकाच्या पहिल्याच वाक्यात ‘दुर्मीळ’ हा शब्द येतो. केवळ त्या शब्दासाठी मोजलेले पैसे वाया गेल्याचे आम्ही अनेकदा पाहिले आहे, म्हणून हे पत्रक काढले आहे.

जुने यंत्र दुर्मीळ असतेच असे नाही. कोडॅकने १९३२ साली ८ मिलिमीटरची आणि १९६५ साली सुपर ८ ची फिल्म बाजारात आणली, आणि त्यानंतर या दोन मापांचे मूक प्रोजेक्टर जगभरात लाखोंच्या संख्येने तयार झाले. ऑस्ट्रियाच्या ऑइमिग कंपनीचा प्रोजेक्टर कितीही चकचकीत असला तरी तो चित्रपट पाहण्यासाठी घ्यावा; ठेवा म्हणून त्याची किंमत लावू नये. ही दोन मापे मात्र एकमेकांत मिसळू नयेत. जुन्या ८ मिलिमीटरच्या फितीची छिद्रे मोठी असून ती दोन चौकटींच्या सीमेवर असतात, तर सुपर ८ ची छिद्रे लहान असून ती चौकटीच्या मध्याशी येतात. एका मापाची फीत दुसऱ्या मापाच्या यंत्रात घातल्यास ती फाटते.

खरोखर दुर्मीळ म्हणावीत अशी यंत्रे याहून बरीच जुनी आहेत. फ्रान्सच्या पाथे कंपनीने १९१२ साली काढलेल्या ‘पाथे कॉक’ या प्रोजेक्टरमध्ये (कॉक म्हणजे कोंबडा, हेच त्या कंपनीचे बोधचिन्ह) २८ मिलिमीटरची, सहज पेट न घेणारी फीत चालत असे, आणि हाताने दांडा फिरवला की फीत पुढे सरकत असतानाच आतल्या डायनॅमोवर दिवाही लागत असे. ज्या घरात वीज पोहोचलेली नव्हती, त्या घराचा विचार करून केलेली ही रचना आजही आम्हाला थक्क करते. त्याच वर्षी आलेल्या एडिसनच्या होम कायनेटोस्कोपमध्ये २२ मिलिमीटरच्या फितीवर चित्रांच्या तीन रांगा होत्या. पहिली रांग पुढे, दुसरी उलट दिशेने आणि तिसरी पुन्हा पुढे चालवावी लागत असे. ही दोन्ही यंत्रे कोणी अल्प किमतीत देऊ केली, तर आनंद होण्याआधी शंका यावी.

याउलट १९२२ च्या ‘पाथे बेबी’ला विक्रेते सर्रास दुर्मीळ म्हणतात, ते आम्हाला पटत नाही, कारण हा प्रोजेक्टर युरोपात घरोघरी पोहोचला होता. त्याचे मोल त्याच्या युक्तीत आहे. साडेनऊ मिलिमीटरच्या त्याच्या फितीवर छिद्र कडेला नसून दोन चौकटींच्या मध्ये, बरोबर मधोमध असते, आणि मूकपटातील संवाद किंवा मजकूर लिहिलेली चौकट आली की कडेच्या खाचेमुळे, दांडा फिरवत राहिले तरी, फीत क्षणभर थांबते. वाचण्याइतका वेळ एकाच चौकटीत मिळत असल्याने लांबलचक फीत खर्च करावी लागत नसे. मात्र छिद्र मधोमध असल्यामुळे फीत पुढे ओढणारा यंत्राचा पंजा किंचित जरी सरकला तरी तो थेट चित्रालाच ओरबाडतो. म्हणून न तपासलेल्या बेबीमध्ये घरातील एकमेव फीत कधीही लावू नये.

संग्राहकांच्या बोलण्यात दंतकथेसारखे येणारे नाव म्हणजे जपानचा एल्मो जीएस-१२००. सुपर ८ ची १,२०० फुटांची रीळ त्यात बसते, म्हणजे सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने सुमारे तासभराचा कार्यक्रम मध्ये न थांबता होतो, आणि ध्वनी स्टिरिओ असतो. त्याच्या झेनॉन दिव्याच्या (झेनॉन वायू भरलेल्या प्रखर दिव्याच्या) आवृत्तीबद्दल तर पुष्कळ ऐकायला मिळते, परंतु कारखान्यातून झेनॉनसह निघालेले यंत्र वेगळे आणि साध्या यंत्रात नंतर कोणीतरी झेनॉन दिवा बसवलेला वेगळा. विक्रेता या दोहोंना एकच नाव देतो. दिवाघराची जोडणी, वीजपुरवठ्याची पेटी आणि यंत्रावरील पट्टीचा क्रमांक यांची छायाचित्रे मागवल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. झेनॉन दिव्यात बंद असतानाही वायू मोठ्या दाबाखाली असतो आणि तो फुटल्यास काचेचे तुकडे उडतात. त्यामुळे असे दिवाघर घरी उघडू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे.

दोन मोडक्या यंत्रांचे भाग जोडून तिसरे ‘अस्सल’ यंत्र उभे करण्याचा प्रकारही चालतो. स्क्रूच्या खाचा ओरखडलेल्या आहेत का, आतल्या बाजूचा रंग बाहेरच्या रंगाशी जुळतो का आणि मोटरीवरील पट्टी यंत्राच्या देशाची व विजेच्या दाबाची आहे का, एवढे पाहिले तरी बरेच काही उघड होते.

अमेरिकेतून आलेले यंत्र बहुधा ११० ते १२० व्होल्टचे असते. एका ग्राहकाने असे यंत्र हौसेने थेट आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला जोडले, आणि ते आमच्याकडे आले तेव्हा दिवा व मोटर दोन्ही जळालेले होते. ट्रान्सफॉर्मरने दाब उतरतो, पण विजेची वारंवारता बदलत नाही. त्यामुळे ६० हर्ट्झसाठी केलेल्या काही मोटरी आपल्या ५० हर्ट्झवर संथ चालतात आणि पुली बदलावी लागते. गोव्याच्या हवेची गोष्ट आणखी वेगळी. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते, खाऱ्या वाऱ्याने दातेरी चाके गंजतात, आणि जुना रबरी पट्टा वयोमानाने काकवीसारखा चिकट होतो. फितीच्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर फितीचा मूळ पदार्थ, म्हणजे अ‍ॅसिटेट, विघटित होत आहे, असे समजावे. ती फीत आकसलेली असण्याची शक्यता असते व तिची छिद्रे दातांवर बसत नाहीत. अशी फीत यंत्रावर चढवू नये आणि इतर फितींच्या कपाटातही ठेवू नये.

यंत्र आणताना ते वीज न लावता, जसे आहे तसे आणावे; स्वतः तेल घालू नये, कारण पट्ट्यावर आणि गेटमध्ये (फीत दिव्यासमोरून सरकते त्या चौकटीत) गेलेले तेल काढण्यातच आमचा अर्धा दिवस जातो. मूळ दिवा जळालेला असला तरी तो सोबत द्यावा, कारण त्याच्या तळावरील खुणेवरूनच त्याच्या जोडीचा दिवा शोधता येतो. फिती असल्यास त्याही आणाव्यात. त्या यंत्राआधी तपासल्या जातील.