ठशांची कार्डं आणि ‘हँडमेड’ या शब्दाचा घोळ

दिवाळीच्या आधी दादरला, पार्ल्याला हॉलमधून जी प्रदर्शनं लागतात तिथे कार्डांच्या टेबलापाशी एक प्रश्न ठरलेला असतो, "हे हातानी काढलंय?" आणि टेबलामागची बाई जराशी चाचपडते, कारण काढलेलं नसतं, ठशानं छापलेलं असतं, पण छापलंय हातानीच, एकेक करून. ती का चाचपडते ते कळायला थोडं मागे जावं लागेल. (मी स्वतः त्या टेबलामागे बरीच वर्षं बसलेय, तेव्हा मी अगदी तटस्थ वगैरे आहे असं समजू नका.)

फार मागचं पटकन उरकते. पेशवाईत जुन्नरी आणि दौलताबादी कागद नावाजलेले होते, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचं तर नावच त्या धंद्यावरून पडलंय. मिलचा कागद स्वस्त मिळायला लागला आणि हे काम बसलं. मग १९३४ मध्ये वर्ध्याला ग्रामोद्योगाचं काम सुरू झालं त्यात कागदाचाही नंबर लागला, १९४० मध्ये पुण्यात हातकागदाची संस्था निघाली. तिकडे विलायतेत १८४३ मध्येच लंडनच्या एका सरकारी अधिकाऱ्यानं नाताळचं कार्ड छापून घेतलं होतं, हजारेक प्रती, किंमत एक शिलिंग, आणि त्यातली गंमत अशी की ते लिथोवर, म्हणजे दगडावरच्या छपाईनं छापलेलं आणि रंग मात्र हातानी भरलेले. म्हणजे छापील की हातचं ही भानगड पहिल्या कार्डापासूनचीच.

आपल्याकडे मराठी घरात कार्ड म्हणजे आधी संक्रांतीचं. दिवाळीला फराळाचे डबे इकडून तिकडे जायचे, संक्रांतीला मात्र पोस्ट. तळहाताएवढं कार्ड, ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’, आत कागदाच्या पुडीत काटेरी हलव्याचे आठ-दहा दाणे, पाकिटाचं तोंड चिकटवायचं नाही, नुसतं खोचायचं आणि वर ‘बुक पोस्ट’ लिहायचं म्हणजे तिकीट कमी लागायचं. हलवा टाकल्यावर ते बुक पोस्ट राहतं का हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडला नाही. पोहोचेपर्यंत पोस्टाचा शिक्का नेमका पुडीवर बसून हलव्याची पिठी झालेली असायची, ती पण आम्ही चाटून खायचो.

१९७९ मध्ये दोन गोष्टी झाल्या. दिल्लीत ती कंपनी सुरू झाली जिच्या दुकानांनी पुढे गुलाबी बदामांची आणि टेडीची कार्डं गावोगाव नेली, आणि इथे मुंबईत काही मित्रांनी खिशातले पन्नास रुपये घालून मुलांसाठी एक संस्था काढली, तिची कार्डं ऑफिसांमधून, शाळांमधून घेतली जायची. या दोन्हींमुळे ‘कार्ड विकत घ्यायचं असतं’ हे पक्कं झालं. घरी केलेलं कार्ड म्हणजे पैसे वाचवलेले, असाच अर्थ निघायचा तेव्हा. नव्वदच्या दशकात कॉलेजात मी वहीच्या पुठ्ठ्यावर पिंपळाचं जाळीदार पान चिकटवून मैत्रिणीला दिलं होतं (पान तीन आठवडे बादलीत कुजवलं होतं, आईनं वासामुळे बादली गॅलरीबाहेर टांगली), तर ती म्हणाली, "अगं, आणायचं नाहीस तर नको आणूस, एवढं कशाला."

आता ठसे. हे सगळं दोन हजारनंतर अमेरिकेतून आलं असं सर्रास सांगितलं जातं आणि मला ते अर्धवट वाटतं. आपल्या शाळेत चित्रकलेच्या तासाला ‘ठसेकाम’ असायचंच की. भेंडी आडवी कापायची, पोस्टर कलरमध्ये बुडवायची, पाच पाकळ्यांचं फूल तयार. कांद्याची वर्तुळं, बटाट्यावर कोरलेली चांदणी, जास्वंदीच्या पानाच्या मागच्या बाजूला रंग लावून शिरांचा ठसा. निसर्गाचा ठसा यापेक्षा जास्त थेट कसा असणार, फुलाचं चित्र नाही, भाजीचाच छाप! गुजरातेत पेथापूरला कापडछपाईचे सागवानी ठोकळे कोरतात, त्यातले जुने, कोपरा उडालेले ठोकळे चोरबाजारात मिळायचे, ते आणून कागदावर छापणारेही होते. फक्त याला कुणी हॉबी म्हणायचं नाही आणि त्याचे क्लास नव्हते.

दोन हजारनंतर जे आलं ते वेगळ्या ताकदीचं होतं हे मात्र खरं. लाकडी मुठीचे रबरी स्टॅम्प, मग पारदर्शक फोटोपॉलिमरचे, जे अॅक्रिलिकच्या ठोकळ्याला चिकटवले की खाली कुठे छाप पडणार ते आरपार दिसतं. छाप उठावदार करणारी एम्बॉसिंग पावडर, ती वितळवायला हीट गन, बारा इंची डिझाइनचे पेपर. नातेवाइकांच्या बॅगेतून, चॉकलेट आणि परफ्यूमच्या मधे दाबून हे सामान यायचं. ऑर्कुटवर लोक फोटो टाकायचे, नंतर यूट्यूबवर बघून बघून शिकायचे, आणि मग अब्दुल रहमान स्ट्रीटवर माल दिसायला लागला.

सामान आलं ते त्यांच्या मापाचं, हेही सांगायला हवं. तिकडे कार्डाचं चालू माप ‘ए-टू’, म्हणजे सव्वाचार बाय साडेपाच इंच, त्यांच्या लेटर साइझच्या कागदाचा चौथा हिस्सा. इथे फोर्टातल्या कागदवाल्याकडे मी ए-टू मागितला तर त्यानं ड्रॉइंग बोर्डवर लावायचा अवाढव्य कागद गुंडाळून हातात दिला, आणि त्याचं बरोबर होतं, आपला ए-टू तोच. आपल्या ए-फोरची दोनदा घडी घातली की रुंदी येते १०५ मिलिमीटर, त्यांच्या कार्डाच्या मापाची चौकट १०८ ची. तीन मिलिमीटरसाठी कितीतरी महागाच्या चौकटी माझ्याकडे पडून आहेत.

आणि आता तो शब्द. कागदाच्या बाजारात ‘हँडमेड’ हे नाम आहे. "हँडमेड आहे का?" म्हटलं की दुकानदार कार्ड दाखवत नाही, कागद दाखवतो, "कितीचा जीएसएम?" विचारतो (म्हणजे कागद किती जड, चौरस मीटरला किती ग्रॅम). मराठीत याला हातकागद असा चांगला सुटसुटीत शब्द होता, पुण्याच्या संस्थेमुळे रुळलेलाही होता, पण जयपूरजवळच्या सांगानेरचा कागद मोठ्या प्रमाणात यायला लागला (होजिअरीच्या सुती कतरणीचा लगदा, त्यात गुलाबाच्या, झेंडूच्या पाकळ्या) तो इंग्रजी लेबल लावूनच आला आणि हातकागद मागे पडला. त्याच सुमाराला घरी कार्डं करणाऱ्याही स्वतःच्या कार्डाला ‘हँडमेड कार्ड’ म्हणायला लागल्या. एकाच शब्दावर दोघांनी आपापला झेंडा लावला.

याचं पुढे काय झालं ते मी जवळून पाहिलंय. २०१३-१४ च्या सुमारास उपनगरातल्या एका मंडळानं दिवाळीच्या प्रदर्शनात ‘हँडमेड’ विभागाला टेबलाचं भाडं कमी ठेवलं, त्यामुळे साहजिकच सगळ्यांना त्या विभागात यायचं होतं. वारली आणि वॉटरकलर करणाऱ्या बायकांची तक्रार की स्टॅम्पवाल्या हँडमेड कशा, चित्र दुसऱ्यानं काढलंय, ह्या नुसता शिक्का मारतात, पोस्टातला माणूस पण दिवसभर तेच करतो. (हे वाक्य मला अजून लागतं.) आमचं म्हणणं, कागद आम्ही कापतो, छाप आम्ही घेतो, रंग आम्ही भरतो, चार थर चिकटवतो, एका कार्डाला तास जातो, मग हात कुणाचे लागले? कमिटीनं दोन मीटिंगा घेऊन निर्णय दिला तो असा की कागद हँडमेड असेल तरच कार्ड हँडमेड.

झालं काय, की एका ताईंनी हातकागदावर स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडून पाचशे कार्डं छापून आणली ती हँडमेड विभागात बसली, आणि मिलच्या तीनशे जीएसएमवर एकेक करून केलेली माझी कार्डं ‘इतर भेटवस्तू’मध्ये, पणत्या आणि प्लॅस्टिकच्या तोरणांच्या शेजारी. वॉटरकलरवाल्यापण चिडल्या कारण त्यांचा कागदही मिलचाच. कमिटीची बाजू सांगायची तर कागद हाताला लागतो, तपासता येतो, कडा फाटल्यासारखी दिसली की झालं. मेहनत कशी तपासणार? तरी पण निर्णय चुकीचाच होता असं माझं मत आहे. हातकागद हा शब्द जागेवर असता तर हे भांडण उभंच राहिलं नसतं, कागदाला हातकागद म्हणायचं, कार्डाला हातचं कार्ड, संपलं.

शिक्क्याच्या टोमण्याला एक उत्तर त्या वेळी सुचलं नव्हतं. बऱ्याच परदेशी स्टॅम्प कंपन्यांची अट असते की आमच्या ठशानं हातानी छापलेलं कार्ड तुम्ही विकलंत तर चालेल, पण ठसा स्कॅन करून प्रिंट काढलात तर नाही चालणार. त्याला ‘एंजल पॉलिसी’ म्हणतात. म्हणजे ज्याचं चित्र आहे तोसुद्धा हात कुठे सुरू होतो आणि मशीन कुठे, ही रेघ ओढतोच आहे.

बरं, हातकागद घ्यायचा म्हटला तरी स्टॅम्प त्यावर सुखानं बसत नाही. खडबडीत पोतावर फोटोपॉलिमरच्या बारीक रेघा तुटतात, डाय इंक, म्हणजे कागदात मुरणारी शाई, सुती धाग्यांतून पसरते आणि पानाच्या शिरा केसाळ दिसतात. पिगमेंट इंक वर राहते, छान दिसते, पण जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत ती वाळता वाळत नाही, एम्बॉसिंग पावडरच्या गुठळ्या होतात, डब्यात ठेवलेल्या कागदाला तपकिरी ठिपके पडतात. खोल कोरलेलं लाल रबर किंवा लाकडी ठोकळा बरा, आणि कागदाखाली जुन्या चादरीची घडी घालायची, कापड छापणारे घालतात तशी. ही चादरीची युक्ती मला कुठल्या व्हिडिओनं नाही शिकवली, ठोकळ्यानं कापड छापणाऱ्या एका काकांनी सांगितली, "ताई, टेबल कडक आहे, ठसा काय करणार."

निसर्गाचं तर वेगळंच. त्या आयात सेटमध्ये निसर्ग म्हणजे मेपलचं पान, पाइनचं कोन, हॉलीची फळं, बर्फात बसलेला लाल छातीचा पक्षी. मी स्वतः तीन-चार दिवाळ्या मेपलच्या पानांवर काढल्या, कुणी काही बोललं नाही, फक्त एका आजोबांनी विचारलं, "हे पपईचं पान का?" दसऱ्याला आपट्याचं पान लागतं, दोन जोडलेल्या पाळ्यांचं, इतका सोपा आकार, पण बाहेरच्या सेटमध्ये तो कुठून असणार. मग खोडरबर कोरायला सुरुवात झाली. ताम्हण हे आपलं राज्यफूल, सहा पाकळ्या आणि त्या चुरगळलेल्या, क्रेप पेपरसारख्या, तो चुरगळलेपणा कोरण्यात पहिली पाच खोडरबरं वाया गेली. २०१६ मध्ये बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कारवी फुलली, आठ वर्षांनी एकदा फुलते, त्या वर्षी आमच्यातल्या तिघीचौघींनी कारवीचा ठसा केला. २०२४ मध्ये परत फुलली तेव्हा तेच ठसे बाहेर काढले तर रबर कडक होऊन तडकलेलं.

अक्षरांचंही तसंच, ‘हॅपी दिवाली’ इंग्रजीत मिळायचं, देवनागरी नाही. शेवटी कोर्टाजवळच्या शिक्केवाल्याकडे गेले, जो एरवी ‘सत्यप्रत’ करून देतो. त्यानं ‘शुभ दीपावली’ लिहून घेतलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "खाली सहीला जागा सोडू?"

अलीकडचे बदल बहुतेक पाकिटाचे आहेत. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आली आणि कार्डावरची पारदर्शक पिशवी गेली, २०२२ च्या देशभरातल्या बंदीच्या यादीत तर मिठाईचे खोके, सिगारेटची पाकिटं यांच्या जोडीला निमंत्रणपत्रिकांवरची प्लॅस्टिकची फिल्म नाव घेऊन आहे. आता कागदी पट्टी लावतो आणि गिऱ्हाईक उघडून बघताना बोटांचे डाग पडतात. बिया घातलेला कागद आला, कार्ड कुंडीत पेरा म्हणून, पण त्यावर छापताना जिथे बी तिथे ठशाला भोक. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, पण आमची चार थरांची, बटण लावलेली जाड कार्डं हल्ली बहुतेक कुरियरनंच जातात, आणि संक्रांतीचं कार्ड व्हॉट्सअॅपवर येतं, हलव्याच्या फोटोसकट.

त्या मंडळाचं प्रदर्शन अजून भरतं. कमिटी बदलली, फॉर्म बदलला. आता ‘हँडमेड’च्या पुढे दोन चौकोन आहेत, एक कागदासाठी, एक कामासाठी, आणि भाड्याची सवलत कुठल्या चौकोनाला ते लिहिलेलंच नाही. यंदा रांगेत माझ्या पुढच्या बाईंनी दोन्हींवर खूण केली. मी पण केली.