दरपत्रकात शून्य कुठे लिहावं आणि रकाना कधी रिकामा ठेवावा

आम्ही वेबसाइट बनवतो. हापूसचा हंगाम तोंडावर आला की आमच्याकडे साइटवर चढवायच्या दरपत्रकांच्या एक्सेल फायली येऊ लागतात. बागायतदारांच्या, तशाच सुट्टीच्या बुकिंगसाठी गुहागर-तारकर्लीच्या होमस्टेवाल्यांच्या. त्यातल्या बऱ्याच आम्ही दुरुस्तीसाठी परत पाठवतो आणि ‘एवढीशी फाइल, चढवत का नाही?’ असा फोन येतो. कारण बहुतेक वेळा एकच असतं.

पाच डझनांच्या पेटीचा दर ठरलेला नसतो. मग त्या रकान्यात कोणी ० लिहितं, कोणी आडवी रेघ मारतं, कोणी स्पेसबार दाबून पुढे जातं. माणसाला तिन्हीचा अर्थ एकच लागतो, प्रोग्रामला नाही. शून्य म्हणजे फुकट. रेघेचा आकडा होत नाही, त्यामुळे बिलाची बेरीज बिघडते. सर्वांत घातक ती स्पेस. डोळ्यांना रकाना रिकामा दिसतो, पण प्रोग्रामच्या लेखी तिथे एक अक्षर असतं, म्हणून ‘भरलंय का?’ ही साधी तपासणी पार होते. पुढे जावास्क्रिप्ट ही साइटच्या प्रोग्रामची भाषा त्या स्पेसचा आकडा करते तो ०, आणि पेटी शून्य रुपयांना विक्रीला लागते.

उलटंही होतं. ‘शिल्लक’ रकान्यातलं ० ही पक्की माहिती आहे: माल संपला. पण पीएचपी या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेतली रकाना रिकामा आहे का ते बघणारी ‘एम्प्टी’ ही तपासणी शून्यालाही रिकामंच धरते. तेवढ्यावर विसंबलेली साइट संपलेल्या मालाच्या ऑर्डरी घेत राहू शकते.

म्हणून दर ठरला नसेल तर दराचा तेवढा एकच चौकोन निवडून डिलीट दाबा आणि तसाच सोडा. साइटवर तिथे ‘दरासाठी फोन करा’ असं दिसेल. ० फक्त ‘शिल्लक’मध्ये. बाकी जे सांगायचं ते ‘शेरा’ रकान्यात लिहा, तो त्यासाठीच ठेवलाय.

शंका आली तर आम्ही अंदाजाने आकडा भरत नाही, विचारतो. यात एखादा दिवस जातो हे खरं. पण दर तुमचा आहे, आणि चुकीच्या दराने आलेली ऑर्डर नाकारताना गिऱ्हाईक तुमचं तुटतं.

गिऱ्हाइकाने भरायच्या फॉर्मचंही तेच. पत्ता सक्तीचा केला तरी ब्राउझर नुसत्या स्पेस चालवून घेतो. आम्ही सर्व्हरवर आधी स्पेस काढतो, मगच पत्ता आहे का ते बघतो. तुमची साइट दुसऱ्या कोणी केलेली असली तरी ही तपासणी आम्ही करून देतो, खर्च आधी सांगून. फेब्रुवारीत कळवलंत तर पेट्या निघायच्या आत काम होईल.