फोर सीझन्स रेस्टॉरंट, न्यूयॉर्क

फोर सीझन्स हे मॅनहॅटनमधल्या सीग्राम बिल्डिंगच्या तळाशी असलेलं रेस्टॉरंट, १९५९ ते २०१६ त्या जागेत चाललं. याच नावाच्या हॉटेल चेनशी त्याचा संबंध नाही, लोक नेहमी गल्लत करतात म्हणून आधीच सांगितलं.

बिल्डिंगचं डिझाइन आर्किटेक्ट मीस व्हॅन डर रोहचं, रेस्टॉरंटचं इंटीरियर आर्किटेक्ट फिलिप जॉन्सनचं आणि चालवायला जो बॉम यांची रेस्टॉरंट असोसिएट्स कंपनी. खर्च तेव्हाचे सुमारे ४५ लाख डॉलर. दोन मोठ्या खोल्या, एक ग्रिल रूम आणि दुसरी पूल रूम, तिच्या मधोमध पांढऱ्या संगमरवराचा चौकोनी हौद. खिडक्यांना धातूच्या साखळ्यांचे पडदे, खालून एसीची हवा आली की ते लाटांसारखे हलत राहायचे. बारवर रिचर्ड लिपोल्डने पितळी कांड्यांचं शिल्प टांगलेलं, शेकडो कांड्या बारीक तारांवर. काटे-चमचे-ग्लास हक्स्टेबल दांपत्याने खास डिझाइन केलेले, त्यातले काही पुढे मोमा या न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या म्युझियमच्या संग्रहात गेले. मेनू, झाडं, वेटरचे कपडे हे सगळं ऋतूप्रमाणे बदलायचं, नाव त्यावरूनच.

दोन खोल्यांमधल्या बोळात पिकासोने रंगवलेला रंगमंचाचा पडदा होता. १९१९ साली डियागिलेवच्या बॅले कंपनीच्या 'ल ट्रिकॉर्न' या बॅलेसाठी पिकासोने तो रंगवला, पुढे पैशांची गरज पडली तेव्हा डियागिलेवने मधला भाग कापून विकला, आणि सीग्राम या दारू कंपनीच्या मालकांची मुलगी फिलिस लँबर्ट यांनी १९५७ मध्ये तो तुकडा रेस्टॉरंटसाठी घेतला. तुकडा म्हणजे जवळपास १९ फूट बाय २० फूट! जेवायला पूल रूमकडे जाणारा प्रत्येकजण त्याच्या शेजारून जायचा. म्युझियममध्ये पाय न ठेवणाऱ्यांनीही पिकासो असा रोज पाहिला, आणि माझ्या मते हेच या जागेचं खरं मोठेपण आहे.

चित्रकार मार्क रॉथकोची गोष्ट मात्र उलटी. १९५८ मध्ये रेस्टॉरंटच्या छोट्या डायनिंग रूमसाठी त्याला चित्रं करायला सांगितली, मोबदला साधारण ३५ हजार डॉलर. त्याने न्यूयॉर्कच्या बॉवरी भागात जुन्या जिमची जागा भाड्याने घेतली आणि गडद तांबड्या, मरून, काळ्या रंगांत तिसेक मोठी चित्रं केली. मग १९५९ मध्ये तो बायकोबरोबर तिथं जेवायला गेला आणि इतके पैसे देऊन असलं जेवण जेवणारी माणसं आपलं चित्र कधी बघणारच नाहीत असं त्याला वाटलं, पैसे परत केले, एकही चित्र दिलं नाही. त्यातली नऊ आता लंडनच्या टेट म्युझियममध्ये आहेत, ती तिथं पोहोचली २५ फेब्रुवारी १९७० ला, आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये रॉथको मरण पावलेला सापडला.

सत्तरच्या दशकात पॉल कोव्ही आणि टॉम मार्गिताई यांनी रेस्टॉरंट घेतलं आणि ग्रिल रूममध्ये दुपारी प्रकाशक, बँकर, वकील यांची गर्दी जमायला लागली, कोण कुठल्या टेबलावर यावरून शहरातली पत कळायची. 'पॉवर लंच' हा शब्द १९७९ मध्ये एस्क्वायर मासिकातल्या या जागेवरच्याच लेखामुळे गाजला. जॉन्सन स्वतः कित्येक वर्षं इथं ठरलेल्या टेबलावर जेवत असे.

१९८९ मध्ये शहराने या इंटीरियरला लँडमार्क म्हणून संरक्षण दिलं, त्यामुळे मालक बदलला तरी भिंती, हौद, लिपोल्डचं शिल्प यांना हात लावता येत नव्हता. पिकासोचा पडदा त्यात नव्हता कारण तो काढता येण्यासारखा आणि मालकीही वेगळी, २००५ मध्ये तो न्यूयॉर्क लँडमार्क्स कॉन्झर्व्हन्सी या संस्थेला देणगी मिळाला. म्हणजे भिंत एकाची आणि पडदा दुसऱ्याचा. २०१४ मध्ये बिल्डिंगचे मालक एबी रोझेन यांनी मागची भिंत दुरुस्त करायची म्हणून तो हलवायला सांगितलं, संस्थेचं म्हणणं होतं की इतका जुना कॅनव्हास हलवताना फाटेल, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी तडजोडीने पडदा न्यू-यॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीत गेला. हलवताना तो शाबूत राहिला हे नशीब, पण तो बोळ त्यानंतर नुसता बोळ झाला.

लीज न वाढल्याने जुलै २०१६ मध्ये रेस्टॉरंट बंद पडलं. त्याच महिन्यात खुर्च्या, भांडी, अगदी अ‍ॅशट्रेसुद्धा लिलावात गेले, ४० लाख डॉलरच्या वर जमले. २०१८ मध्ये ईस्ट ४९व्या रस्त्यावर त्याच नावाने पुन्हा सुरुवात केली पण ते वर्षभरही टिकलं नाही. जुन्या जागेत २०१७ पासून नवे चालक आले, खोल्यांची नावं 'द ग्रिल' आणि 'द पूल' अशी ठेवली, आणि बारवरच्या पितळी कांड्या कायद्यामुळे तिथंच आहेत.