आकान वारनावं

आकान वारनाव म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या घाना आणि आयव्हरी कोस्टमधल्या आकान लोकांत बाळ ज्या वारी जन्मलं त्या वारावरून त्याला लागणारं नाव. लागणारं म्हणजे आपोआप लागणारं, कोणी बसून ठरवत नाही, शुक्रवारी मुलगा झाला की तो कोफी, मुलगी झाली की अफुआ, विषय संपला. आकान हा काही एकच समाज नाही, अशांती, फांते, अक्वापिम असे बरेच गट त्यात येतात आणि घानाच्या लोकसंख्येत ते सगळे मिळून निम्म्याच्या जवळपास भरतात. संस्कृती माणसाचा स्वभाव घडवते का हा प्रश्न मानसशास्त्रवाले पिढ्यानपिढ्या चघळतायत, त्यात ही वारनावं म्हणजे भारी केस आहे, कारण इथे नुसत्या गप्पा न मारता रेकॉर्ड काढून बघता येतं आणि एकाने ते बघितलंसुद्धा, ते पुढे येईलच.

अशांती पद्धतीने नावं अशी, आधी मुलाचं मग मुलीचं: रविवार क्वासी आणि अकोसुआ, सोमवार क्वाजो आणि अजोआ, मंगळवार क्वाबेना आणि अबेना, बुधवार क्वाकू आणि अकुआ, गुरुवार याव आणि या, शुक्रवार कोफी आणि अफुआ, शनिवार क्वामे आणि आमा. फांते लोकांत उच्चार जरा बदलतो, क्वाकूचा क्वेकू होतो, अफुआची एफुआ. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान ८ एप्रिल १९३८ ला जन्मले, कॅलेंडर काढून बघा, शुक्रवारच होता. मधलं नाव आट्टा, म्हणजे जुळं, आणि जुळ्या बहिणीचं नाव अर्थातच एफुआ. घानाचे पहिले पंतप्रधान क्वामे न्क्रुमा यांची गंमत याहून भारी, बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीने त्यांची जन्मतारीख अंदाजाने २१ सप्टेंबर १९०९ लिहून टाकली, पण तो दिवस मंगळवार निघतो आणि आई तर ठामपणे सांगायची की पोरगा शनिवारी झाला. न्क्रुमांनी स्वतःच हिशोब मांडून १८ सप्टेंबर असावी असं म्हटलंय. तारीख हरवली तरी चालते, वार हरवत नाही.

याचं कारण असं की हे नाव शरीराचं नसून आत्म्याचं मानतात, त्याला 'क्रा दिन' म्हणतात, क्रा म्हणजे देवाने दिलेला आत्मा आणि दिन म्हणजे नाव (आपल्या दिवसवाल्या दिनाशी काही संबंध नाही, योगायोग). आकान समजुतीप्रमाणे रक्त आईकडून येतं, म्हणून कुळ आईचं लागतं, सुन्सुम म्हणजे ज्याला आपण साधारण स्वभाव किंवा तेज म्हणू ते बापाकडून येतं आणि क्रा थेट वरून. बारसं आठव्या दिवशी होतं, म्हणजे जन्माचा वार परत आला की. तोवर बाळ पाहुणं समजतात, राहणार की परत जाणार ते माहीत नसतं. बारशाला वडीलधारा माणूस बाळाच्या जिभेवर पाण्याचा थेंब ठेवतो, मग दारूचा थेंब, आणि सांगतो की पाणी म्हणशील तेव्हा पाणीच असू दे, दारू म्हणशील तेव्हा दारूच. खोटं बोलायचं नाही हा पहिला धडा, तोही आठ दिवसांच्या पोराला.

वार लागण्यातून देवही सुटले नाहीत. परमेश्वराला ओन्यांकोपोन क्वामे म्हणतात, म्हणजे तो शनिवारचा. अशांतींची भूमाता असासे या, ती गुरुवारची, म्हणून गुरुवारी जमिनीला कुदळ लावायची नाही (आपण नागपंचमीला खणत नाही, तसंच).

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक वाराला स्वभावही चिकटलेला आहे. सोमवारचा क्वाजो शांत, आपल्यातच राहणारा, शुक्रवारचा कोफी भटक्या, आणि बुधवारचा क्वाकू तापट, भांडकुदळ. लोककथांतला लबाड कोळी (आठ पायांचा, जाळं विणणारा) अनान्से, सगळ्यांना टोप्या घालणारा, त्याचंही पूर्ण नाव क्वाकू अनान्सेच. मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यात एका अनुस्वाराचा फरक आहे, क्वाकूच्या बाबतीत तेवढाही नाही.

व्हिएन्नात जन्मलेला गुस्ताव जाहोदा हा मानसशास्त्रज्ञ १९५० च्या दशकात गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे स्वातंत्र्याआधीच्या घानात शिकवत होता, त्याने बालन्यायालयाचं रेकॉर्ड काढलं आणि कोणत्या वारची पोरं किती येतात ते मोजलं. १९५४ मध्ये छापलेल्या त्या छोट्या लेखात असं निघालं की सोमवारवाले अपेक्षेपेक्षा कमी आणि मारामारीसारख्या गुन्ह्यांत बुधवारवाले जास्त. वारात काही ग्रह-बिह नसतात हे उघड आहे, मग झालं काय, तर लहानपणापासून क्वाकूने एक धपाटा घातला की घरचे म्हणणार बघा, क्वाकूच तो, आणि क्वाजोने तोच धपाटा घातला तर कोणी लक्षातही ठेवणार नाही, असं रोज ऐकून पोरगा तसाच होत जातो. जाहोदाचं म्हणणं साधारण या अंगाचं होतं आणि तेही त्याने जपूनच मांडलं. मला मात्र एक शंका येतेच, पकडणारे पोलीस आणि तक्रार करणारे शेजारीही त्याच समाजातले, क्वाकू नाव ऐकून त्यांनी त्यालाच आधी धरला नसेल कशावरून. कोर्टाच्या कागदावर जे येतं ते वागणं किती आणि बदनामी किती हे वेगळं काढणं अवघड आहे. ज्या मुलीच्या पत्रिकेत मंगळ निघतो तिचं घरात काय होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजवायची गरज नाही.

गुलामांच्या जहाजांतून ही नावं अटलांटिकपलीकडे गेली. जमैकात १७३९ मध्ये इंग्रजांना तह करायला लावणारा 'मरून' लोकांचा (म्हणजे मळ्यांतून पळून गेलेल्या गुलामांचा) पुढारी कुजो म्हणजे आपला क्वाजो, गयानात बर्बिसमधल्या १७६३ च्या गुलामांच्या उठावाचा नेता कफी म्हणजे कोफी. सुरिनाममधल्या क्वासी नावाच्या माणसाला एका कडू झाडाचा औषधी उपयोग माहीत होता, त्याच्यावरून वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसने त्या झाडाला क्वासिया नाव दिलं, तेव्हा रविवार थेट वनस्पतीशास्त्रात जाऊन बसला. उलट जमैकातच क्वाशी हा शब्द पुढे मूर्ख माणसासाठी शिवी झाला, मळेवाल्या गोऱ्यांची कृपा.

वारावरून नाव आपल्याकडेही नवीन नाही, ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांवर जुन्या पिढीत सोम्या, मंगळ्या, बुध्या, सुकऱ्या भेटतात, फक्त तिथे प्रत्येक वाराला असा ठरलेला स्वभाव लावल्याचं ऐकिवात नाही. त्याहून जवळचं साम्य दुसरीकडे आहे. आधीची मुलं जगली नाहीत तर आपण केरू, धोंडू, दगडू, भिकाजी ठेवतो, म्हणजे मृत्यूला वाटावं की हे काय उचलून न्यायचं, तसंच आकान लोक सुमिना ठेवतात, म्हणजे उकिरडा, नाहीतर डोंकोर, म्हणजे गुलाम. वारनाव मात्र त्यातूनही सुटत नाही, ते आधीच लागलेलं असतं. असं पोर बुधवारी झालं तर ते क्वाकू सुमिना, म्हणजे भांडकुदळ उकिरडा, बिचारं.